उजवी फळी

बाल्साचा पंख पाठीत हाणला तर लागत नाही. फटकन आवाज होतो आणि पंखच मोडतो. ते लाकूड इतकं हलकं असतं की हातभर पट्टी तळव्यावर ठेवली तरी ठेवल्यासारखी वाटत नाही. मी ओरडले नाही, जागची हलले नाही, म्हणून माझ्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, वाटलं मी त्याला हसतेय. मग त्यानं कोपऱ्यातला धोटा उचलला.

यंत्रमागाचा धोटा भरीव लाकडाचा असतो आणि दोन्ही टोकांना पोलादी टोपी असते. तो डाव्या बरगडीत बसला आणि मी खाली बसले.

"सहा आठवड्यांचं काम होतं ते," मी म्हटलं. श्वास येत नव्हता, पण तोंडातून निघालं ते हेच.

"माझं काम! माझं विमान, माझं काम! आणि हे काय लिहिलंस आत?" त्यानं मोडक्या पंखाचा तुकडा माझ्या तोंडासमोर धरला. आतल्या पातळ फळीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, म. हत्तुरे. माझं माहेरचं नाव. आयटीआयला असताना प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही करायची सवय लागलेली, ती हातानं केली. वरून कापड बसल्यावर ते कुणाला दिसणारही नव्हतं.

"चुकून झालं," मी म्हटलं.

"चुकून तुझ्या बापाचं नाव माझ्या विमानात येतं होय?" तो म्हणाला आणि पुन्हा एकदा धोटा मारला. खाली त्याचे बत्तीस माग चालू होते. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या खोलीत राहणाऱ्या बाईनं कितीही आरडाओरडा केला तरी तो टॉवेलांच्या आवाजात विणला जातो. हे मी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच शिकले होते, म्हणून ओरडणं सोडलं होतं.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी बत्तीस वर्षांची होते. मूल नव्हतं. मारायला ते एक कारण होतं, पण कारण नसलं तरी त्याचं अडत नसे. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायचे. आता एकेरीतच बोलते, त्याची सवय व्हायला मला बराच काळ लागला.

विमानाचं खोकं त्याच्या आतेभावानं जर्मनीहून आणलं होतं. टेबलाएवढं खोकं, त्यात लाकडाच्या पट्ट्या, शेकडो कापलेले तुकडे आणि चादरीएवढा एक नकाशा. शहरातले चार-पाच जण मिळून रिमोटवर उडणारी विमानं उडवायचे, दातांचे डॉक्टर नवले त्यांतले. चंद्रशेखरला त्यांच्यात बसायचं होतं. त्यानं नकाशा पसरला, दोन दिवस त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"हे वाचता येतं ना तुला? शिकलीस ना मोठी ड्राफ्ट्समनकी?"

मला येत होतं. नकाशा बघितला आणि लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात काहीतरी सरळ उभं राहिलं. वरून दृश्य, बाजूनं दृश्य, छेद. नकाशा पाटावर टाचायचा, त्यावर मेणकागद, त्यावर टाचण्यांनी पट्ट्या बसवायच्या आणि सांध्याला डिंकाचा थेंब द्यायचा. डिंक वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पंखाच्या आत माशाच्या काट्यासारख्या बावीस फळ्या, प्रत्येक पॉलिश पेपरनं घासून दुसरीसारखी करायची. दुपारी तो बाजारात गेला की मी पाटाशी बसायचे. हाताला बाल्साची पिठासारखी भुकटी लागायची. मी ती लगेच धुवायचे नाही.

त्या मोडलेल्या पंखानंतर मी दुसरा केला. खोक्यात जादा पट्ट्या नव्हत्या, म्हणून मोडक्यातल्या चांगल्या फळ्या सोडवून घेतल्या. बरगडी मोडली होती की नुसती चिरली होती ते मला माहीत नाही, डॉक्टरकडे कोण नेणार? खाली वाकता येत नव्हतं, तेव्हा पाट विटांवर चढवला आणि उभ्यानं काम केलं. या वेळी कुठंही काही लिहिलं नाही.

पंख झाला, धड झालं, तेव्हा रेडिओ बसवायला दस्तगीर मुजावर आले. हवाई दलात वीस वर्षं वायरलेस सांभाळलेला माणूस. निवृत्त होऊन विजापूर वेशीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. साठीचे, बारीक अंगाचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. क्लबातल्या सगळ्यांना उडवायला त्यांनीच शिकवलेलं.

त्यांनी पंख हातात घेतला, डोळ्यासमोर आडवा धरला, एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

"शेखरसाहेब, एक सूतभर पीळ नाही हो. मी हवाई दलात असले पंख बघितले नाहीत. हात आहे तुमचा."

"वेळ काढून करतो," चंद्रशेखर म्हणाला. "मन लागतं."

मी चहा ठेवून वळत होते. मुजावरांनी सहज विचारलं, "ह्या मधल्या सांध्याला कापडी पट्टी कितीची लावली?"

चंद्रशेखर थांबला. ते थांबणं मला सोसवेना, बोलता बोलता निघून गेलं, "दोन इंचांची. वर-खाली दोन्हीकडून."

मुजावरांनी मान वर केली. माझ्या बोटांकडे बघितलं, तिथं डिंक सुकून पापुद्रे आले होते. मग चंद्रशेखरकडे बघितलं. "ठीक" म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

ते जिना उतरून गेले आणि चंद्रशेखरनं इस्त्री लावली. विमानाच्या सांगाड्यावर रंगीत पातळ फिल्म ताणून बसवतात, त्यासाठी किटात एक हातात मावणारी इस्त्री होती, बदामी आकाराची. मला वाटलं तो उरलेली फिल्म बसवणार.

"हात पुढं कर," तो म्हणाला.

"अहो, मी नुसतं—"

"पुढं कर म्हटलं ना."

त्यानं माझं मनगट पाटावर दाबलं आणि आतल्या बाजूला, जिथं शिरा दिसतात तिथं, इस्त्री टेकवली. तो मोजत होता. पाचपर्यंत मोजलं. मला अजून आठवतं, तो रागात नव्हता. त्याचा श्वास शांत होता.

"विचारलं तर सांगायचं, पोळीचा तवा लागला."

पुढच्या शुक्रवारी मुजावर शेवटची जोडणी करायला आले, तेव्हा फोड फुटला होता. त्यांना दिसला. तव्याचा डाग कसा असतो आणि इस्त्रीचा कसा, हे जन्मभर तापल्या हत्यारांनी काम करणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. चंद्रशेखरला खालून मुकादमानं हाक मारली, तो गेला. मुजावर हातातल्या तारा सोलत राहिले.

"वहिनी," ते वर न बघता म्हणाले, "भाऊ आहे ना तुम्हाला?"

"आहे. अक्कलकोटला."

"त्याला माहीत आहे?"

मी पदर मनगटावर ओढला.

"बरं. नका सांगू. इकडे या, हे बघून ठेवा." त्यांनी रिमोट माझ्याकडे केला. "ही काठी उजवीकडे लोटा."

मी लोटली. पंखाच्या मागच्या कडेला एक-एक हलती फळी असते, तिच्यामुळे विमान कलतं. उजव्या पंखाची फळी वर उचलली गेली, डाव्या पंखाची खाली गेली. आत यायच्या आधी कुणी दार वाजवावं, इतकी हळू आणि अदबीनं ती हलली.

"काठी उजवीकडे, तर उजवी फळी वर. एवढं लक्षात ठेवा. उलटं झालं की विमान मेलं. नव्या विमानांतली अर्धी ह्याच चुकीनं पहिल्या दिवशी जातात." त्यांनी रिमोटच्या खालच्या बाजूचं एक झाकण उघडून दाखवलं. आत तांदळाच्या दाण्याएवढी चार बटणं होती. "ही इकडची तिकडे झाली तरी उलटं होतं. आत्ता सगळं बरोबर आहे, मी तपासलं. तरी उडवायच्या आधी मी पुन्हा विचारतो. उडवणाऱ्याला विचारतो, आणि ज्यानं बांधलं त्याला विचारतो. बांधणारा खोटं बोलत नाही."

जिन्यावर पाऊल वाजलं. त्यांनी झाकण लावलं.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही अक्कलकोट रस्त्याच्या पलीकडच्या माळावर होतो. ज्वारी काढून झाली होती, धसकटं उरली होती. मधला एक पट्टा क्लबवाल्यांनी रोलर फिरवून साफ केला होता. नवले डॉक्टर आले होते, आणखी तिघे होते, दोघांच्या बायका डबे घेऊन आल्या होत्या. मला आणलं होतं कारण पंख धडाला रबरांनी बांधायचे असतात आणि ती नेमकी कशी ओढायची हे चंद्रशेखरला माहीत नव्हतं. गाडीत त्यानं सांगितलं होतं, "चार लोकांत तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर आज परत येताना बघ."

मी रबरं बांधली. विमान लाल आणि पिवळं झालं होतं. उन्हात त्याच्या पंखांतून आतल्या फळ्यांच्या सावल्या दिसत होत्या, सगळ्या एका रेषेत. एक बाई म्हणाली, "अय्या, किती सुबक! भावजींच्या हातात कला आहे हो." चंद्रशेखर हसला. तो सगळ्यांना रिमोट दाखवत होता. नवलेंना त्यानं खालचं झाकण उघडून दाखवलं, नखानं आतली बटणं टकटक केली, म्हणाला, "जर्मन माल आहे डॉक्टर." झाकण लावून त्यानं काठ्या हलवल्या, पंखांच्या फळ्या खालीवर झाल्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याच्याजवळ गेले. "अहो, एक मिनिट."

त्यानं हसत हसतच कोपर मागं मारलं. बरोबर त्याच बरगडीत. कुणाला दिसलंही नसेल. डोळ्यांपुढं पांढरं झालं, मी गाडीच्या बॉनेटला धरून उभी राहिले.

इंजिन चालू झालं. लहान असलं तरी त्याचा आवाज कानात खिळा मारल्यासारखा असतो, आणि विमानाच्या नाकावरचा पंखा फिरायला लागला की दिसेनासा होतो, नुसतं धूसर वर्तुळ राहतं. मुजावर गुडघ्यांवर बसून शेपूट धरून होते. त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "शेखरसाहेब, कंट्रोल तपासले?"

"तपासले! सोडा आता."

"पहिलं उड्डाण मी करून देतो. नंतर तुम्ही घ्या."

"माझं विमान आहे, मुजावर. सोडा."

मुजावरांनी सोडलं नाही. त्यांनी मान वळवून गाडीकडे बघितलं, सगळ्यांच्या पलीकडे, माझ्याकडे. "वहिनी! तपासलं?"

बायका हसल्या. वहिनींना काय विचारताय, असं कुणीतरी म्हणालं. चंद्रशेखरची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

"हो," मी म्हटलं. "तपासलं."

मुजावरांनी हात सोडला.

विमान धसकटांच्या कडेनं धावलं आणि उचललं. इतकं सहज उचललं की मी बॉनेटवरचा हात काढला. ते बांधताना कधी मनातही आलं नव्हतं की ते खरंच उडेल. वीस-तीस फूट गेलं असेल आणि वाऱ्यानं त्याला जरासं डावीकडे कलवलं. चंद्रशेखरनं काठी उजवीकडे घेतली. ते आणखी डावीकडे कललं. त्यानं आणखी उजवीकडे घेतली.

"उलटं आहे!" मुजावर उठून धावले. "डावीकडे मारा! साहेब, काठी डावीकडे!"

"गप्प बसा!" चंद्रशेखर ओरडला. त्यानं काठी पूर्ण उजवीकडे दाबून धरली. विमान पाठीवर झालं, फिरलं आणि आमच्या दिशेनं तोंड करून खाली आलं, इंजिन पूर्ण वेगात. मुजावर त्याच्या हातातला रिमोट ओढायला गेले, त्यानं त्यांना खांद्यानं ढकललं. मग त्याला ते येताना दिसलं आणि तो जमिनीवर पालथा पडला. मुजावर उभेच राहिले. त्यांनी उजवा हात तोंडापुढं धरला.

आवाज कसा झाला ते मी सांगणार नाही. विमान त्यांच्या अंगावर फुटलं, लाकडं चहूकडे उडाली, पण पंखा तेवढ्यातही फिरत होता. ते बसले. त्यांनी हाताकडे बघितलं. तळव्यापासून कोपरापर्यंत चिरत गेलं होतं, अंगठा आणि पहिली दोन बोटं जागेवर नव्हती, आत पांढरं काहीतरी दिसत होतं. रक्त आधी आलं नाही. मग एकदम आलं.

मी पदर फाडला. तो फाटेना, दातांनी फाडला. कोपराच्या वर आवळून बांधला, एक लाकडाची पट्टी घालून पीळ दिला. माझीच पट्टी होती, पंखाची. ती मोडली. दुसरी घेतली. नवले डॉक्टर गाडी आणायला पळाले. मुजावर दाताखाली ओठ धरून आकाशाकडे बघत होते, "या अल्ला, या अल्ला" एवढंच म्हणत होते.

चंद्रशेखर उठला आणि विमानाकडे गेला. त्यानं त्यातला मोठा तुकडा उचलून बघितला, टाकला. मग तो माझ्याकडे आला. रिमोटची एरियल, दीड हात लांब पोलादी काठी, त्यानं उपटून काढली होती.

"तूच बांधलंस!" त्यानं पहिला फटका मानेवर मारला. "तूच बांधलंस आणि तूच मोडलंस! मुद्दाम केलंस! रांडे, मुद्दाम केलंस!"

मी मुजावरांचा हात धरून बसले होते, सोडता येत नव्हतं. दुसरा फटका कानावर आला, तिसरा गालावर. एरियल वाऱ्यानं सूं करायची, मग आग व्हायची. तीन पुरुष उभे होते. एकजण म्हणाला, "शेखर, अरे शेखर." बायका गाडीमागं गेल्या. चौथा फटका माझ्या हातांवर बसला आणि पीळ सुटला, मुजावरांचं रक्त माझ्या मांडीवर भसकन आलं.

तेव्हा मी उठले. इंजिन सुरू करताना पंखा फिरवायला एक जाडसर दांडा वापरतात, रबर गुंडाळलेला. तो धसकटांत पडला होता. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि चंद्रशेखरच्या तोंडावर मारला. जबड्यातून खट्ट झालं. तो मागं सरला, त्यानं माझ्याकडे बघितलं, त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं. मी परत मारला, खांद्यावर. तो खाली पडला, मी गुडघ्यावर मारला. नऊ वर्षांत त्यानं जे जे शिकवलं होतं ते माझ्या हातांना पाठ होतं, कुठं मारलं की माणूस उठत नाही तेही. गाडी घेऊन परतलेल्या नवलेंनी मला मागून धरलं नसतं तर मी थांबले असते की नाही, सांगता येत नाही.

"वहिनी, सोडा! मुजावरांना न्यायचंय!"

मी दांडा टाकला आणि परत जाऊन पीळ आवळला.

तिसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलात हवालदार जबाब घ्यायला आला. मी तिथंच होते, बाकावर, घरी गेले नव्हते. अक्कलकोटहून भाऊ बसवराज आला होता. माझा चेहरा बघून तो आधी रडला आणि मग बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटून आला. मुजावरांचा हात मनगटापर्यंतच वाचला होता, पंजा कापून काढावा लागला होता. त्यांची बायको हसीनाभाभी उशाशी होती.

हवालदारानं वही उघडली. "चाचा, विमान कसं पडलं?"

"कंट्रोल उलटे होते," मुजावर म्हणाले. आवाज खोल गेलेला. "माझी चूक. शेवटची तपासणी माझी असते. नुसतं विचारून सोडलं, बघितलं नाही. लिहा."

"म्हणजे तुमचा निष्काळजीपणा?"

"लिहा तसं."

हवालदार लिहायला लागला. भाभी डोळे पुसत होती. वीस वर्षं हवाई दलात एक वायर चुकली नव्हती त्या माणसाची.

माळावरचं सांगताना मी एक गोष्ट गाळली, ती आता सांगते. चंद्रशेखरनं झाकण लावून काठी उजवीकडे लोटली होती, तेव्हा मी बघत होते. उजवी फळी खाली गेली. त्याच्या नखानं ते दाण्याएवढं बटण फिरलं होतं. मी सांगायला गेले, तिथं कोपर बसलं. पण त्यानंतर मुजावरांनी मला विचारलं. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी इंजिन बंद केलं असतं, बस. मी मागच्या आठवड्यापासूनचं सगळं मोजून 'हो' म्हटलं. मला ते विमान त्याच्या हातून पडायला हवं होतं, चार लोकांसमोर, बायकांसमोर. मातीत पडेल, असं वाटलं होतं. एवढंच वाटलं होतं.

"हवालदार," मी उठून म्हटलं, "ते खोडा."

"काय?"

"मुजावरसाहेबांनी मला विचारलं होतं. मला दिसलं होतं फळी उलटी हलते ते. मी खोटं बोलले."

"बाई," हवालदारानं आवाज खाली घेतला, "कशाला अंगावर घेता? चाचा स्वतः म्हणतायत..."

"विमान मी बांधलं होतं. मला दिसलं होतं. लिहा."

बसवराजनं माझा दंड धरला, "अक्का, गप." मी धरू दिला नाही. मुजावर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, कारण तेवढं तरी करायला हवं होतं. हवालदाराचं लिहून झालं, सही घेऊन तो गेला.

"वहिनी," मग ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्हालाच विचारलं होतं. त्याला नाही."

मी पाया पडायला वाकले. त्यांनी डावा हात वर केला. "नको. पाया नका पडू, रडू नका, उद्या फळं घेऊन येऊ नका. आता जा. तुम्ही समोर आलात की मला तुमचं मार खाल्लेलं तोंड दिसतं आणि राग गिळावा लागतो. मला नीट राग येऊ द्या."

मी गेले. खाली तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या, नव्या आणि जुन्या, दोन पानं भरली. चंद्रशेखर तारांनी जबडा बांधून वरच्या मजल्यावर पडला होता. त्याच्याकडे मी गेले नाही. भावाबरोबर अक्कलकोटची गाडी पकडली.

पोलिसांनी त्याच्यावर आणि माझ्यावर, दोघांवरही खटला भरला. तो तीन वर्षं चालला. मी अक्कलकोटला एका इंजिनिअरच्या हाताखाली घरांचे नकाशे काढायला लागले. मुजावरांची काही खबर येत नसे. एकदा कुणीतरी सांगितलं, दुकान बंदच आहे.

साक्षीच्या दिवशी ते कोर्टात आले. उजवी बाही मनगटावर दुमडून टाचलेली. चंद्रशेखरच्या वकिलानं त्यांना विचारलं, "म्हणजे ह्या बाईंनी जाणूनबुजून खोटं सांगितलं, म्हणून तुमचा हात गेला. बरोबर?"

"बरोबर."

"ह्यांच्याविरुद्ध तुमची तक्रार आहे?"

"आहे," मुजावर म्हणाले.

वकील हसला. न्यायाधीश लिहायला लागले.

"पण ती माझ्यातली आणि त्यांच्यातली आहे, साहेब," मुजावर म्हणाले. "कोर्टाची नाही. कोर्टानं ह्यांना विचारावं," त्यांनी चंद्रशेखरकडे डावा हात केला, "की बाईमाणूस खरं बोलायला गेली तर त्यांनी काय केलं. कोपर मी नाही बघितलं, पण नवले डॉक्टरांनी बघितलं, मला त्यांनीच सांगितलं. त्यांना बोलवा. कोर्टात तीन वर्षं ते गप्प आहेत."

मागं बसलेले नवले उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी उभे राहिले.

साक्ष संपली, कागदावर सही करायची वेळ आली. मुजावरांना सही करता येत नव्हती आता. कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला. डाव्या हाताची बाही वर सरकवून त्यांनी अंगठा उठवला, ह्या माणसानं, ज्याचं अक्षर हवाई दलाच्या नोंदवह्यांत छापल्यासारखं होतं.

मी आधी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी होते. ते आले आणि माझ्यापासून चार हातांवर थांबले. डावी बाही कोपराशी गोळा झाली होती, कफ लोंबत होता. त्यांनी तो उजव्या हाताच्या उरलेल्या थोट्यानं ओढून खाली आणला, बटण लागेना. दोनदा प्रयत्न केला. भाभी आज आली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डावा हात माझ्या बाजूला पुढं धरला आणि अंगणातल्या लिंबाकडे बघत उभे राहिले.

मी पुढं झाले आणि बटण लावलं.